जिन्याचं दार

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सत्रांची यादी तुम्ही पाहिली असेल. शिक्षण, शिष्यवृत्ती, संविधान, सोशल मीडिया. आणि जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळेला मी, दारांवर बोलायला. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘फायर डोअर’ असं सांगितलं. ते म्हणाले, अच्छा, सायबर सिक्युरिटी! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तसं वाटलं असणार. तर नाही. फायरवॉल नव्हे, फायर डोअर. इमारतीच्या जिन्याला असतं ते जाड, जड, आपोआप लागणारं दार. म्हणजे आपोआप लागायला हवं असं दार. आपल्याकडे ते बहुतेक वेळा विटेने, झाडूच्या दांड्याने किंवा आग विझवायच्या सिलिंडरनेच उघडं अडवून ठेवलेलं असतं.

मी मीरा रोडला एका अठरा मजली सोसायटीत राहतो. कमिटीवर निवडून आलो तेव्हा ‘तुम्ही इंजिनियर आहात ना’ असं म्हणून आगीचं खातं माझ्या गळ्यात घातलं गेलं. कोडिंग करणाऱ्याला पंप, पाइप आणि बिजागऱ्यांतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. मग वाचायला लागलो, आणि वाचता वाचता एका इमारतीपाशी अडकलो. ती इमारत इथली नाही, पण तिथली माणसं तुम्हाला ओळखीची वाटतील.

९ जानेवारी २०२२, रविवार. न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स भाग. ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट नावाची एकोणीस मजल्यांची, १९७२ मध्ये बांधलेली इमारत. राहणारी बरीचशी कुटुंबं पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातून आलेली, मुसलमान, कष्टकरी. थंडीचे दिवस होते. खालच्या मजल्यावरच्या एका घरात विजेचा हीटर चालू होता, त्यातून सकाळी अकराच्या सुमारास आग लागली. घरातले लोक जीव वाचवून बाहेर पळाले. आता नीट ऐका. आग त्या घरात आणि बाहेरच्या बोळात राहिली. ती वरच्या मजल्यांवर गेलीच नाही. तरीही १७ माणसं गेली. त्यांत ८ मुलं होती. सगळीच्या सगळी धुराने गेली.

त्या घराचं दार आपोआप लागणारं होतं. ते लागलं नाही. उघड्या दारातून धूर बोळात आला, बोळातून जिन्यात शिरला. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचं दारही उघडं राहिलं होतं. मग त्या जिन्याची चिमणी झाली. लोक घाबरून जिन्याने खाली निघाले आणि धुरात सापडले. पुढच्या रविवारी ब्रॉन्क्सच्या इस्लामिक कल्चरल सेंटरमध्ये एकाच वेळी पंधरा जनाजे ठेवले होते. त्यांत लहान पेट्या होत्या.

तिथे कायदा नव्हता असं नाही. चार वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१७ मध्ये, त्याच ब्रॉन्क्समध्ये दुसऱ्या एका इमारतीत लहान मूल गॅसशी खेळत होतं, आग लागली, घरची मंडळी पळाली आणि दार उघडं राहिलं. तेव्हा १३ माणसं गेली. त्यानंतर २०१८ मध्ये शहराने कायदा केला की अशा इमारतींतली घरांची दारं आपोआप लागणारी असली पाहिजेत, मुदत ३१ जुलै २०२१. म्हणजे मुदत संपून पाच महिने झाले होते. कायदा होता, दार होतं, फक्त ते लागत नव्हतं.

आगीनंतर महापौरांनी लोकांना आवाहन केलं, बाहेर पडताना दार लावा. आवाहन चुकीचं नाही, मीही शेवटी तेच सांगणार आहे. पण मला ते ऐकून थोडा राग आला होता. ज्याच्या घरात आग लागली आहे, ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याने दार लावायची आठवण ठेवायची आणि ज्याच्यावर ते दार दुरुस्त ठेवायची जबाबदारी आहे त्याने विसरायचं? माणूस घाबरतो हे धरूनच तर ते दार स्वतः लागणारं बनवलेलं असतं. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात. कुणी काहीच केलं नाही तरी जे घडतं, ते सुरक्षित असलं पाहिजे.

धुराबद्दल दोन शब्द, कारण आपल्या डोळ्यासमोर आग म्हटलं की ज्वाळा येतात. जळणाऱ्या फोमच्या गाद्या, सोफे, वायरी यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून बसतं. दोन-चार श्वासांत पाय लटपटतात, माणूस जिन्यातच बसतो. आणि गरम धूर नेहमी वर चढतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या एसआरए इमारतीत पहाटे तळमजल्यावरची वाहनं पेटली आणि धूर वरच्या मजल्यांवर गेला, किमान सात जण दगावले. खाली पेटलेलं वर कसं मारतं, हे त्या पहाटे मुंबईने पाहिलं.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरबद्दल तुम्ही ऐकलं असेल. १४ जून २०१७, ७२ मृत्यू. रमजानचा महिना होता, सहरीसाठी जागे असलेल्या काही जणांनी शेजाऱ्यांची दारं वाजवून त्यांना उठवलं, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. तिथे मुख्य दोष बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या ज्वलनशील आवरणाचा होता. पण चौकशी झाली तेव्हा दारांचीही गोष्ट बाहेर आली. घरांच्या दारांचे क्लोजर कुठे काढलेले, कुठे बिघडलेले. आणि पोलिसांनी तसंच एक दार भट्टीत तपासायला दिलं तर अर्धा तास टिकायला हवं होतं ते पंधरा मिनिटांत गेलं. चौकशी समितीने शिफारस केली की आपोआप लागायची यंत्रणा निदान दर तीन महिन्यांनी तपासा. आपल्याकडे किती सोसायट्यांत ती एकदा तरी तपासली गेली आहे?

आमच्या सोसायटीत दोन जिने, अठरा मजले, म्हणजे छत्तीस दारं. एका शुक्रवारी संध्याकाळी मी आणि वॉचमन वरपासून खालपर्यंत उतरलो. प्रत्येक दार उघडायचं, सोडायचं, लागतं का ते पाहायचं. अर्ध्याहून जास्त दारं लागली नाहीत. काहींचे क्लोजर गायब होते, चौकटीवर फक्त चार भोकं. काही दारं नायलॉनच्या दोरीने ग्रिलला बांधलेली. एका मजल्यावर इंटरनेटवाल्याने केबल दाराच्या फटीतून नेली होती, त्यामुळे पल्ला कायम दोन बोटं उघडा.

राग यायच्या आधी मी लोकांना विचारलं, का काढलंत? आणि कारणं ऐकली तर एकही माणूस बेजबाबदार वाटेना. आठव्या मजल्यावरचे चाचा म्हणाले, बेटा, रमजानमध्ये तरावीहवरून लोक रात्री येतात, प्रत्येक वेळी धाडकन आवाज, घरात आजारी बायको आहे. अकराव्या मजल्यावरच्या आपांच्या नातवाचं बोट चिमटलं होतं. इफ्तारच्या वेळेला मुलं हातात ताटं घेऊन या घरातून त्या घरात पळत असतात, दोन्ही हात भरलेले, जड दार ढकलणार कसं? म्हणून वीट. लॉबीत हवा येत नाही, म्हणून दोरी. सगळं खरं. म्हणूनच नुसतं ‘दार बंद ठेवा’ असा कागद चिकटवून काही होत नाही. दार त्रास देणार असेल तर माणूस त्याला हरवतोच. त्रास काढावा लागतो.

आणि त्रास बहुतेक वेळा एका स्क्रू-ड्रायव्हरने निघतो. हे मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं या खोलीतही फार थोड्यांना माहीत असेल. दाराच्या वर जो डबा असतो, तो क्लोजर, त्यात तेल आणि स्प्रिंग असते. त्याच्या बाजूला दोन छोटे स्क्रू असतात. एक दार सोडल्यापासून जवळजवळ बंद होईपर्यंतचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या वीतभर अंतरातला. आवाज होतो तो या दुसऱ्यामुळे. आधी पहिला घट्ट करून दार सावकाश करायचं, मग दुसरा थोडा थोडा फिरवून पाहायचा, म्हणजे दार शेवटी अडकण्याइतकं जोरात येईल पण आदळणार नाही. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही, तेल बाहेर येतं आणि क्लोजर मेला. क्लोजरच्या खाली तेलाचे ओघळ दिसत असतील तर तो दुरुस्त होत नाही, बदलायचा. चाचांचं दार दहा मिनिटांत शांत झालं. ते क्लोजर काढून टाकायला त्यांच्या मुलाला अर्धा तास लागला होता.

जिथे दिवसभर ये-जा आहे आणि दार उघडंच हवं, उदाहरणार्थ तळमजल्यावरची लॉबी, तिथे विटेऐवजी भिंतीवर विजेचा चुंबक बसवता येतो. तो दार धरून ठेवतो, आणि फायर अलार्म वाजला किंवा वीज गेली की सोडून देतो. त्यासाठी अलार्म चालू हवा हे उघड आहे. ज्यांचा अलार्मच बंद आहे त्यांनी आधी तो पाहावा.

आता नवीन दार घ्यायची वेळ येते तेव्हा काय? तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इमारती पुनर्विकासात जाणार आहेत, काही जण स्वतः साइटवर काम करतात, आणि सुतारकाम, फॅब्रिकेशन, दारं बसवणं या धंद्यात आपली किती माणसं आहेत हे मी सांगायला नको. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

पहिली गोष्ट. फायर डोअर म्हणजे पल्ला नव्हे. पल्ला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, क्लोजर, काच, कडेच्या पट्ट्या असा पूर्ण संच भट्टीत घालून तपासलेला असतो. भट्टी ठरावीक वेगाने तापवतात. अर्ध्या तासाला साधारण ८४० अंश, तासाला ९४५, दोन तासांना १०५० अंश सेल्सियसच्या आसपास. त्यात जो संच दोन तास उभा राहिला त्याला दोन तासांचं प्रमाणपत्र. आता तुम्ही त्या कंपनीचा पल्ला घेतलात आणि बिजागऱ्या बाजारातल्या स्वस्त अॅल्युमिनियमच्या लावल्यात, तर अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पल्ला टिकेल, पण चौकटीत राहणार नाही.

म्हणून विकणाऱ्याच्या रंगीत पुस्तिकेवर ‘दोन तास’ लिहिलंय यावर जाऊ नका. चाचणीचा अहवाल मागा. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३६१४ आहे, आणि रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेसारख्या ठिकाणी अशा चाचण्या होतात. अहवालात तपासलेल्या दाराचं माप पाहा. एका पल्ल्याचं दार तपासलंय आणि तुम्हाला दोन पल्ल्यांचं विकतायत का? तपासलेल्या दाराला काच होती का, होती तर किती मोठी? कुठलं कुलूप होतं? विकणारा अडखळला तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि माल साइटवर आला की पल्ल्याच्या बिजागरीकडच्या कडेला ठोकलेली पट्टी बघा, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि किती मिनिटांचं दार ते असतं. रंगारी लोक ती पट्टी रंगवून टाकतात. रंगवू देऊ नका.

आणखी एक प्रश्न विचारा, जो सहसा कुणी विचारत नाही. ज्वाळा थोपवतं ते समजलं, उष्णता थोपवतं का? नुसत्या पोकळ पत्र्याचं दार दोन तास उभं राहू शकतं, पण पलीकडची बाजू इतकी तापते की तिच्या जवळून जाता येत नाही. ज्या जिन्यातून शंभर माणसं उतरणार आहेत तिथे आत खनिज लोकर किंवा तसलं भरण असलेलं दार हवं. चाचणीत यासाठी वेगळी कसोटी असते, पलीकडच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी १४० अंशांहून जास्त वाढता कामा नये.

लाकूड जळतं म्हणून लोखंडच बरं, हा एक गैरसमज. जाड, भरीव लाकूड हळूहळू जळतं, मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि जळालेला कोळशाचा थर आतल्या लाकडाला सांभाळतो. म्हणून ब्रिटनमध्ये अर्ध्या तासाचं लाकडी दार साधारण ४४ मिलिमीटर जाड असतं. आपल्या घरांना असतं ते तीस-पस्तीस मिलिमीटरचं फ्लश डोअर, वर सनमायका, आत काय भरलंय ते देवाला आणि कारखान्याला ठाऊक. ते वाईट दार आहे असं मी म्हणत नाही. ते फायर डोअर नाही, एवढंच. तरी बंद असलेलं साधं दारसुद्धा उघड्या दारापेक्षा हजार पटींनी बरं. त्या काही मिनिटांत माणूस जिना उतरतो.

पट्ट्यांचं विसरू नका. चौकटीच्या खाचेत एक चपटी पट्टी असते, ती साधारण दोनशे अंशांच्या सुमारास फुगते आणि फट बुजवते. पण धूर तर त्याच्या कितीतरी आधी, थंड असतानाच येतो. त्यासाठी ब्रशसारखी किंवा रबराची वेगळी पट्टी लागते. दोन्ही हव्यात. खर्च वाचवायचा म्हणून दुसरी गाळली जाते, आणि माणसं मरतात ती धुरानेच.

आता बसवणं. इथे मिस्त्रीचा हात बोलतो. चौकट ओळंब्यात हवी, कारण वाकड्या चौकटीत जगातला कुठलाही क्लोजर दार नीट लावू शकत नाही. पल्ला आणि चौकट यांच्यात वर आणि दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटरच्या आसपास फट हवी. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते, मी तीच खिशात ठेवतो. फट जास्त असेल तर पट्टी फुगूनही ती भरत नाही, कमी असेल तर पावसाळ्यात दार घासतं आणि अडकतं. बिजागऱ्या निदान तीन, आणि प्रत्येक भोकात स्क्रू. हो, प्रत्येक भोकात. दोन स्क्रू लावून बाकीची भोकं सोडलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की आता हसू येतं.

चौकट आणि भिंत यांमधली पोकळी कशाने भरायची? सिमेंटच्या मसाल्याने, किंवा त्या कामासाठी तपासलेल्या मालाने. डब्यातून फुस्स करून येणारा पिवळा फोम सोयीचा असतो, मिनिटात काम होतं, पण साधा फोम पेटतो. भिंत दोन तासांची, दार दोन तासांचं आणि मध्ये पेटणारा फोम.

मग आपल्याकडचा खास प्रकार. दारं बसून झाल्यावर फरशी येते. फरशी जाड निघते, दार घासतं, आणि सुताराला हाक मारून दाराची खालची कड तासून घेतली जाते. पत्र्याचं असेल तर ग्राइंडर. तासलं की ते तपासलेलं दार राहिलं नाही. फरशीची पातळी आधी ठरवा, दार नंतर बसवा. तसंच पल्ल्याला नंतर पीपहोल, जादा कडी, कुलपाचं भोक पाडणं. भाऊ, मामा, जो कुणी घरात हे काम करत असेल त्याला सांगा की या एका दारावर ड्रिल लावण्यापूर्वी बनवणाऱ्याला विचार.

जिन्याचं दार लोक पळतात त्या दिशेला उघडलं पाहिजे, आणि आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे. चोरांच्या भीतीने जिन्याच्या दाराला किंवा गच्चीला जाणाऱ्या दाराला टाळं लावलेलं असेल तर आजच कमिटीशी बोला. आणि दारांची मोजणी करताना मीटरच्या आणि वायरींच्या डक्टची छोटी दारं विसरू नका. तिथे झाडू, खराटे, जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली असतात, आणि तो डक्ट तळापासून वरपर्यंत उभा असतो.

देखभाल म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा दोन मुलं जिना उतरतात, दहावी-बारावीतली, त्यांना मी एक फॉर्म मोबाइलवर करून दिलाय. प्रत्येक दार दोन वेळा तपासायचं. एकदा पूर्ण उघडून सोडायचं, एकदा फक्त वीतभर उघडून. पूर्ण उघडलेलं दार वेगामुळे लागतं, खरी परीक्षा वीतभराची. दोन्ही वेळा खट असा आवाज येऊन लॅच अडकला पाहिजे. टेकलेलं दार म्हणजे लागलेलं दार नव्हे, धुराच्या दाबाने ते उघडतं. दोन पल्ले असतील तर कुठला आधी लागायला हवा ते पाहायचं, क्रम चुकला की मध्ये फट राहते. मग फटी, पट्ट्या, बिजागऱ्या. मीरा रोड खाडीच्या काठावर आहे, खारी हवा आहे, वर रोज जिना पुसणाऱ्या बाईंच्या बादलीचं पाणी दाराच्या तळाशी साचतं. पत्र्याची दारं खालून गंजतात. आमच्या तळमजल्याच्या एका दाराचा तळ बोट घातलं तर आत जाईल असा झाला होता, वरून मात्र नुकताच चकचकीत रंग दिलेला.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यानुसार इमारतीतल्या आगीच्या यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. तुमच्या सोसायटीचा शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे हे सेक्रेटरींना विचारा. नम्रपणे विचारा, पण लेखी विचारा. आणि तपासणीला माणूस येईल तेव्हा सोबत जा. तो पंप चालू करून पाहील, सिलिंडरवरची तारीख पाहील. दारांकडे बघेलच असं नाही. त्याला दाराशी न्या, अहवालात दारांचा मजलावार उल्लेख मागा.

आमच्या वार्षिक सभेत दुरुस्तीचा खर्च मांडला तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, एनओसी मिळालेली बिल्डिंग आहे, परत खर्च कशाला? एनओसी मिळाली त्या दिवशी दारं लागत होती, साहेब. मग दुसऱ्यांनी विचारलं, मग गेटला कमान करायची नाही का यंदा? कमान एक वर्ष पुढे गेली. फार भांडण झालं नाही, पण दोन सभा लागल्या, आणि पहिल्या सभेनंतर मी ज्यांच्या घरी वैयक्तिक भेटायला गेलो त्यांनीच दुसऱ्या सभेत हात वर केले.

भाडेकरूंचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही आणि तो आपल्याला जास्त लागू आहे. नाव ऐकून घर नाकारलं जाण्याचा अनुभव या खोलीत कुणाला नाही? मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या घरात राहणारा माणूस दाराचा क्लोजर तुटलाय म्हणून तक्रार करायला कचरतो. मालक चिडला तर अकरा महिन्यांनी पुन्हा घर शोधा. मी त्याला भित्रा म्हणणार नाही. पण यावर एक वाट निघते. तक्रार एका घराची न करता मजल्याची करायची. दहा घरांच्या सह्या, त्यात मालकही आणि भाडेकरूही, विषय ‘आमच्या मजल्यावरचं जिन्याचं दार’. तिथे कुणा एकाचं नाव पुढे येत नाही. अशी पत्रं लिहून द्यायला, सह्या गोळा करायला तुम्ही तरुण मुलं-मुली लागता. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, कोंढवा, जिथे जिथे तुम्ही राहता तिथे चार मजल्यांच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहतायत. चार मजल्यांवरून खिडकीतून शिडी लागते. अठराव्यावरून फक्त जिना.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईने विचारलं की प्रत्यक्ष आग लागली तर पळायचं की आत थांबायचं? त्याचं उत्तर देतो आणि थांबतो. आग तुमच्या घरात असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दागिने-कागदपत्रं शोधत बसू नका, आणि बाहेर पडताना दार ओढून घ्या, ते लागलं का पाहा. कुलूप लावायचं नाही. जिन्याने उतरा, लिफ्ट नाही. खाली आल्यावर किंवा वाटेतच १०१ ला फोन. आग दुसरीकडे असेल तर आधी आपल्या दाराला तळहाताची मागची बाजू लावून पाहा. दार गरम असेल, किंवा बोळात धूर भरलेला असेल, तर उघडून धुरात जायचं नाही. दार बंद ठेवा, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीपाशी जा, तिथून हात हलवा आणि फोनवर मजला आणि घर नंबर सांगा. दार थंड असेल आणि जिना स्वच्छ असेल तर निघा, आणि वाटेतलं प्रत्येक दार तुमच्या मागे लागतंय ना ते बघत उतरा.

दारांचा तो फॉर्म ज्यांना हवा असेल त्यांनी जाताना माझ्याकडून घ्या. मराठीत आहे, उर्दूतही करायचा आहे. त्यासाठी कुणी मदत करणार असेल तर मी त्या मागच्या टेबलापाशी आहे.